पाण्याच्या मागाने इन्यो काउंटी: कॅलिफोर्नियाला जाणाऱ्या नाशिककरांसाठी

मुलगा किंवा मुलगी कॅलिफोर्नियात नोकरीला असल्यामुळे दोन-तीन महिन्यांसाठी तिकडे जाणाऱ्या आईवडिलांची संख्या नाशिकमध्ये आता लहान राहिलेली नाही, आणि त्यांच्या फिरण्याचा आराखडाही बहुधा ठरलेलाच असतो: लॉस एंजेलिस, लास व्हेगास, सॅन फ्रान्सिस्को, आणि सवड मिळाली तर योसेमिटी. या ठिकाणांच्या मधोमध, सिएरा नेवाडा पर्वताच्या पूर्वेला, इन्यो नावाची एक ग्रामीण काउंटी पसरलेली आहे. तिच्यासाठी पाच दिवस कसे काढावेत, कोणत्या ऋतूत जावे, काय पाहावे आणि मुख्य म्हणजे ते कोणत्या क्रमाने समजून घ्यावे, हे सांगण्यासाठी हा लेख आहे.

काउंटी म्हणजे स्थूलमानाने आपला जिल्हा, परंतु तिचा कारभार नेमलेल्या जिल्हाधिकाऱ्याऐवजी निवडून आलेले मंडळ पाहते. इन्योचे क्षेत्रफळ सुमारे २६,५०० चौरस किलोमीटर आहे, म्हणजे नाशिक जिल्ह्याच्या दीडपटीहून जास्त. लोकसंख्या मात्र २०२० च्या जनगणनेनुसार अवघी १९,०१६ होती, तर आपल्या जिल्ह्यात २०११ मध्येच एकसष्ट लाखांहून अधिक लोक होते. मुख्यालय इंडिपेंडन्स हे छोटेसे गाव आहे, आणि नगरपालिका असलेले शहर म्हणावे असे एकच, ते म्हणजे बिशप, ज्याची वस्ती चार हजारांच्याही आत आहे.

इतक्या विरळ वस्तीच्या मुलखात पाहायचे काय, असा प्रश्न साहजिक आहे. अमेरिकेच्या सलग भूभागातील सर्वांत उंच शिखर, माउंट व्हिटनी (४,४२१ मीटर), याच काउंटीच्या पश्चिम सीमेवर उभे आहे, आणि उत्तर अमेरिका खंडातील सर्वांत खोल जागा, बॅडवॉटर (समुद्रसपाटीखाली ८६ मीटर), हीदेखील याच काउंटीत आहे. दोहोंमधील सरळ रेषेतील अंतर १४० किलोमीटरही भरत नाही. माहितीपत्रकांतून ही जोडी ठळक अक्षरांत छापलेली असते, परंतु केवळ उंच आणि खोल पाहून परतणाऱ्या प्रवाशाच्या हाती छायाचित्रांपलीकडे फारसे काही लागत नाही. ही काउंटी पाण्याच्या मागाने पाहावी, असे माझे स्पष्ट मत आहे. ज्या जिल्ह्यातून वैतरणेचे पाणी मुंबईला जाते आणि गंगापूर-दारणा समूहातून जायकवाडीला पाणी सोडायचे की नाही यावर दर काही वर्षांनी शेतकरी रस्त्यावर उतरतात, तेथील माणसाला इन्योचा इतिहास समजावून सांगण्याची गरजच पडू नये.

निघण्यापूर्वी नकाशा आणि हवामान

पहिले काम घरी बसूनच करावे. उंचसखल भाग रंगांनी दाखवणारा नकाशा संगणकावर उघडून पॅसिफिक महासागराकडून पूर्वेकडे नजर न्यावी. आधी सिएरा नेवाडाची भिंत लागते. तिच्या पायथ्याशी उत्तर-दक्षिण पसरलेले ओवेन्स खोरे दिसते. त्यापलीकडे व्हाइट आणि इन्यो पर्वत, मग पॅनामिंट डोंगररांग, आणि तिच्याही पलीकडे डेथ व्हॅली. महासागरावरून येणारे ढग प्रामुख्याने हिवाळ्यात येतात आणि त्यांतील बहुतेक पाणी सिएराच्या पश्चिम उतारावर बर्फाच्या व पावसाच्या रूपाने पडून जाते. इगतपुरीत तीन हजार मिलिमीटर पाऊस पडत असताना सिन्नर-येवल्याला टँकर का लागतात, हे ज्याला ठाऊक आहे त्याला पर्जन्यछायेचा हा हिशेब नवा नाही. फरक इतकाच की तेथे एकामागे एक अशा तीन भिंती आहेत. म्हणून बिशपला वर्षाकाठी सुमारे १३ सेंटीमीटर आणि डेथ व्हॅलीला जेमतेम पाच सेंटीमीटर पाऊस मिळतो.

तरीही ओवेन्स खोऱ्यात पाणी होते, आणि भरपूर होते, कारण सिएराच्या माथ्यावर साठलेला बर्फ उन्हाळ्यात वितळून ओढ्यांवाटे खाली येतो. पाऊस नसलेल्या खोऱ्यात बारमाही वाहणारी नदी हा विरोधाभास ध्यानात ठेवावा, कारण पुढचा सारा इतिहास त्यातूनच निघालेला आहे.

ऋतूची निवड ही या सहलीतील खरी अडचण आहे. डेथ व्हॅलीत जुलैमध्ये दुपारचे सरासरी कमाल तापमान ४७ अंश सेल्सिअसच्या आसपास असते, आणि जगातील सर्वाधिक तापमानाचा अधिकृत मानला जाणारा ५६.७ अंशांचा विक्रम १० जुलै १९१३ रोजी तेथील फर्नेस क्रीक येथेच नोंदला गेला. मालेगावचा उन्हाळा सोसलेल्या माणसाने ‘आम्हाला सवय आहे’ असे म्हणून या उष्णतेला कमी लेखू नये. तेथे रात्रीही पारा उतरत नाही आणि हवा इतकी कोरडी असते की घाम अंगावर दिसण्यापूर्वीच सुकतो, त्यामुळे शरीरातील पाणी कमी होत असल्याचे कळतच नाही. उलट नोव्हेंबर ते मार्च या काळात डेथ व्हॅली अतिशय सुखद असते, पण तेव्हा व्हाइट पर्वतावरील प्राचीन वृक्षांकडे जाणारा रस्ता बर्फामुळे बंद होतो. दोन्ही साधायचे असेल तर ऑक्टोबरचा पूर्वार्ध उत्तम. त्या सुमारास बिशप क्रीकच्या घळीत अ‍ॅस्पेनची झाडे पिवळीधमक झालेली असतात, वरचा रस्ता सहसा उघडा असतो आणि खालचा ताप सोसण्याइतका उतरलेला असतो. नवरात्र किंवा दिवाळी नाशिकलाच करायची असा ज्यांचा आग्रह असतो त्यांना हे पटणार नाही, त्यांनी मे महिन्याचा उत्तरार्ध निवडावा आणि डेथ व्हॅली पहाटेच्या वेळी उरकावी.

कोरड्या मुलखात पूर येत नाही, अशीही समजूत करून घेऊ नये. ऑगस्ट २०२३ मध्ये हिलरी वादळाच्या उरलेल्या ढगांनी डेथ व्हॅलीत एका दिवसात वर्षाइतका पाऊस पाडला, रस्ते वाहून गेले आणि राष्ट्रीय उद्यान जवळजवळ दोन महिने बंद राहिले. निघण्याच्या आदल्या दिवशी उद्यानाच्या अधिकृत संकेतस्थळावर रस्त्यांची स्थिती पाहणे म्हणूनच आवश्यक आहे.

गाडी, पाणी आणि जेवण

येथे रेल्वे नाही आणि बसचा भरवसा धरून फिरणे शक्य नाही, त्यामुळे गाडी हवीच. भारतीय परवान्यावर पर्यटक म्हणून कॅलिफोर्नियात वाहन चालवता येते, तरी गाडी भाड्याने देणाऱ्या कंपन्या अनेकदा आंतरराष्ट्रीय परवाना मागतात, म्हणून तो नाशिकच्या आरटीओमधून आधीच काढून घ्यावा. भाडेकरारात कच्च्या रस्त्यावर गाडी नेण्यास बहुधा मनाई असते. रेसट्रॅक नावाच्या सुकलेल्या तळ्यावरचे सरकणारे दगड पाहण्याचा मोह त्यासाठी सोडावा लागतो, आणि तो सोडलेलाच बरा, कारण तेथवरच्या खडबडीत वाटेवर टायर फाटणे ही नित्याची गोष्ट आहे. हे दगड रात्री गोठणाऱ्या बर्फाच्या पातळ थरामुळे आणि वाऱ्यामुळे सरकतात, हे २०१४ मध्ये सिद्ध झाले, एवढे ठाऊक असले तरी पुरे.

प्रत्येक माणसामागे दिवसाला चार लिटर पाणी गाडीत असावे. इंधनाची टाकी लोन पाइन किंवा बिशप येथे भरून घ्यावी, कारण डेथ व्हॅलीत पंप थोडे आहेत आणि दर चढे. मोबाइलला बऱ्याच ठिकाणी रेंज मिळत नाही, म्हणून कागदी नकाशा जवळ ठेवावा. लोन पाइनच्या दक्षिणेला, महामार्ग ३९५ आणि १३६ च्या तिठ्यावर असलेल्या अभ्यागत केंद्रात तो मिळतो, आणि तेथील कर्मचारी रस्त्यांची ताजी माहितीही देतात. रस्त्यावरील वेग आणि अंतर मैलांत आणि तापमान फॅरनहाइटमध्ये लिहिलेले असते. महामार्गावर ताशी ६५ मैलांची मुभा असली तरी गावात शिरताच ती एकदम ३५ किंवा २५ वर येते, आणि पोलीस नेमके तेथेच उभे असतात.

शाकाहारी मंडळींची सोय बिशपमध्ये बरी होते, इतरत्र बटाटा, पाव आणि सॅलड यांवर भागवावे लागते. लॉस एंजेलिसच्या भारतीय दुकानातून दशम्या, चटणी, चिवडा असा कोरडा शिधा घेऊन निघणे शहाणपणाचे. बिशपमधील बेकऱ्यांचा पाव मात्र चुकवू नये. बास्क मेंढपाळांच्या पद्धतीचा तो पाव प्रवासात दोन-तीन दिवस सहज टिकतो.

ओवेन्स खोरे: या सहलीचा गाभा

लॉस एंजेलिसहून महामार्ग १४ आणि पुढे ३९५ ने उत्तरेकडे निघाल्यास चार तासांच्या आत लोन पाइन येते. गाव येण्याआधी उजव्या हाताला एक प्रचंड पांढुरका सपाट पट्टा दिसतो. ते ओवेन्स सरोवर. येथे गाडी थांबवावी, कारण इतिहासाचा पहिला धडा येथे आहे. १८७० च्या दशकात या सरोवरातून वाफेच्या बोटी चालत, आणि समोरच्या इन्यो पर्वतातील सेरो गोर्दो खाणीत वितळवलेल्या चांदी-शिशाच्या लाद्या पैलतीरी नेत. तेथून त्या गाड्यांवर लादून लॉस एंजेलिसला जात, आणि त्या व्यापाराने तेव्हाच्या त्या लहान गावाला मोठा हात दिला. पुढे त्याच शहराने सरोवराला मिळणारी नदी वळवली आणि १९२० च्या दशकात सरोवर कोरडे पडले. तळातील क्षारयुक्त धूळ वाऱ्याने उडून अनेक दशके खोऱ्यातील लोकांच्या छातीत जात राहिली. ती धूळ बसवण्यासाठी लॉस एंजेलिसला आजवर दोन अब्ज डॉलरहून अधिक खर्च करावा लागला आहे. आज तळावर दिसणारी उथळ पाण्याची चौकोनी तळी आणि खडीचे थर हा त्याच कामाचा भाग होय. स्थलांतरित पक्षी तेथे पुन्हा उतरू लागले आहेत, हा अनपेक्षित लाभ.

या खोऱ्यातील पाण्याची व्यवस्था मात्र गोऱ्या वसाहतीहून जुनी आहे. येथील मूळ रहिवासी पायूट लोक सिएराच्या ओढ्यांवर बंधारे घालून, मैलोगणती पाट काढून, खाण्याजोगी कंदमुळे देणाऱ्या रानगवतांना पाणी देत असत. बिशपजवळ दर वसंतात पाण्याची जबाबदारी सांभाळणारा एक माणूस सर्वांच्या संमतीने नेमला जाई आणि दोन क्षेत्रांना आलटूनपालटून पाणी दिले जाई. बागलाणातील मोसम खोऱ्यातली फड पद्धत आणि तिच्यातला पाटकरी ज्यांनी पाहिला आहे, त्यांना ही मांडणी लगेच ओळखू येईल. १८६० च्या सुमारास गुरे घेऊन आलेल्या वसाहतकारांनी हीच ओली कुरणे चरायला घेतली आणि त्यातून लढाई पेटली. १८६२ मध्ये लष्कराने छावणी ठोकली, पुढच्याच वर्षी शेकडो पायूटांना डोंगर ओलांडून फोर्ट तेहोनपर्यंत चालत नेण्यात आले, आणि १८६६ मध्ये इन्यो काउंटीची स्थापना झाली. चालत नेलेल्या पायूटांपैकी बरेच जण पुढे परतले. त्यांचे वंशज आज बिशप, बिग पाइन, इंडिपेंडन्स आणि लोन पाइन येथील राखीव वसाहतींत राहतात. बिशपमधील त्यांचे सांस्कृतिक केंद्र पहिल्याच दिवशी पाहता आले तर पुढचे सारे अधिक नीट कळते, पण रस्त्याच्या क्रमात ते शेवटी येते, त्याला इलाज नाही.

लोन पाइन गावाच्या पश्चिमेला २६ मार्च १८७२ च्या भूकंपाने जमीन फाटून झालेला कडा आजही दिसतो. त्या रात्री गावातील मातीच्या विटांची घरे कोसळून २७ माणसे दगावली. त्यापुढे अलाबामा हिल्सचे गोलसर तांबूस खडक लागतात. येथे सूर्योदयापूर्वी पोहोचावे, कारण पहिले ऊन व्हिटनीच्या माथ्यावर पडते आणि मग हळूहळू खाली उतरते. दुपारी हेच दृश्य अगदी सपाट वाटते. १९२० पासून येथे शेकडो चित्रपटांचे चित्रीकरण झाले, आणि १९३० च्या दशकात तर याच खडकांत ब्रिटिश भारताचा वायव्य सरहद्द प्रांत उभा करण्यात आला होता. गावातील चित्रपट संग्रहालयात त्याची छायाचित्रे पाहायला मिळतात. व्हिटनीवर चढण्यासाठी सोडतीने परवाना मिळवावा लागतो. चढायचे नसेल तर व्हिटनी पोर्टलपर्यंत डांबरी रस्ता जातो, आणि सुमारे २,५५० मीटर उंचीवरील पाइनच्या सावलीत डबा खाण्यासाठी ती जागा फार छान आहे.

लोन पाइनच्या थोडे उत्तरेला, ३९५ च्या कडेला, अलाबामा गेट्स नावाचे कालव्याचे दरवाजे आहेत. पर्यटक येथे क्वचितच थांबतात. नाशिककरांनी अवश्य थांबावे. १९०५ च्या आसपास लॉस एंजेलिसचे माजी महापौर फ्रेड ईटन यांनी खोऱ्यात फिरून जमिनी व पाण्याचे हक्क विकत घ्यायला सुरुवात केली. केंद्र सरकारचा सिंचन प्रकल्प येणार आणि आपली शेती फुलणार, अशा समजुतीत असलेल्या अनेक शेतकऱ्यांना खरेदीदार शहर आहे हे कळले तेव्हा उशीर झालेला होता. शहराचे जल अभियंते विल्यम मुलहॉलंड यांनी ३७५ किलोमीटर लांबीचा, एकही पंप न लावता केवळ उताराने वाहणारा जलमार्ग बांधला आणि तो १९१३ मध्ये सुरू झाला. अभियांत्रिकी म्हणून हे काम थक्क करणारे आहे, हेही प्रांजळपणे मान्य करावे लागते. १९२० च्या दशकात दुष्काळ पडला तशी शहराची खरेदी वाढली. मे १९२४ मध्ये जलमार्गाला सुरुंग लावण्यात आला, आणि त्याच वर्षी १६ नोव्हेंबरला सुमारे सत्तर जणांनी हे दरवाजे ताब्यात घेऊन पाणी नदीत सोडून दिले. चार दिवस आसपासची कुटुंबे जेवणाचे डबे घेऊन तेथे जमत होती. पण १९२७ मध्ये शेतकऱ्यांचे नेतृत्व करणाऱ्या वॉटरसन बंधूंची बँक बुडाली, तिच्यासोबत खोऱ्यातील लोकांची बचत बुडाली, आणि प्रतिकार तेथेच मोडला.

आपल्याकडे २००५ च्या कायद्याने समन्यायी पाणीवाटपाचे तत्त्व आणले आणि कोणत्या पातळीला किती पाणी सोडायचे याचे कोष्टक तरी भांडायला हाताशी आहे. इन्योला असा लेखी आधार मिळायला १९९१ साल उजाडले, जेव्हा भूजल उपशाला मर्यादा घालणारा करार काउंटी आणि शहर यांच्यात झाला. डिसेंबर २००६ मध्ये खालच्या ओवेन्स नदीच्या शंभर किलोमीटर पात्रात पुन्हा पाणी सोडण्यात आले. खोऱ्यातील बहुतांश सपाट जमीन आजही लॉस एंजेलिसच्या मालकीची आहे. त्यामुळे घरे, मॉल, फार्महाउस यांची गर्दी येथे झालीच नाही, आणि ज्या मोकळेपणाचे आपण कौतुक करतो तो या अन्यायाचाच परिणाम आहे, ही गोष्ट गाडीच्या काचेतून पाहताना विसरू नये.

लोन पाइन आणि इंडिपेंडन्स यांच्यामध्ये असलेल्या मांझानारचा संबंधही याच पाण्याशी आहे. १९१० च्या दशकात येथे सफरचंद आणि नासपतीच्या बागा होत्या. शहराने पाणी घेतल्यावर गाव उठले. मार्च १९४२ मध्ये त्याच ओसाड जमिनीवर सरकारने छावणी बांधली आणि पर्ल हार्बरवरील जपानी हल्ल्यानंतर केवळ वंशाने जपानी म्हणून घरांतून काढलेल्या लोकांना तेथे डांबले. त्यांतील बहुतेक अमेरिकन नागरिक होते. एका वेळी दहा हजारांवर माणसे तारेच्या कुंपणाआड होती, आणि नोव्हेंबर १९४५ मध्ये छावणी बंद झाली. त्यांनी सुकलेल्या बागा पुन्हा जगवल्या आणि बराकींच्या मधल्या जागेत दगडांची उद्याने रचली. १९६२ मध्ये चिनी वंशाच्या भारतीयांना आपण राजस्थानातील देवळीच्या छावणीत काय वागणूक दिली हे ज्यांनी वाचले असेल, त्यांना मांझानारच्या छावणीच्या जागेवरील संग्रहालय केवळ परक्या देशाची गोष्ट वाटणार नाही. येथे किमान तीन तास राखून ठेवावेत आणि स्मशानभूमीतील पांढऱ्या स्तंभापर्यंत चालत जावे.

इंडिपेंडन्समधील संग्रहालय तासाभरात पाहून होते. बिशपजवळच्या लॉज (Laws) नावाच्या ठिकाणी १८८३ ची नॅरोगेज रेल्वेस्थानकाची वसाहत जतन केली आहे, नातवंडे सोबत असतील तर तेथे जावे, एरवी वगळले तरी चालेल.

वरची झाडे, खालचे मीठ

चौथ्या दिवशी बिग पाइनहून महामार्ग १६८ ने व्हाइट पर्वतावर, शुलमन ग्रोव्हला जावे. ही जागा तीन हजार मीटरहून उंच, म्हणजे आपल्या साल्हेरच्या जवळजवळ दुप्पट उंचीवर आहे, त्यामुळे रक्तदाब किंवा श्वासाचा त्रास असणाऱ्यांनी डॉक्टरांना विचारूनच चढावे आणि वर गेल्यावर सावकाश चालावे. येथील ब्रिसलकोन पाइन वृक्षांपैकी मेथुसेला नावाचे झाड ४,८०० वर्षांहून जुने आहे. आपली पांडवलेणी कोरली जात होती तेव्हा ते पावणेतीन हजार वर्षांचे झालेले होते. ते नेमके कोणते, हे मुद्दामच सांगितले जात नाही, आणि शोधण्याची धडपडही करू नये. ही झाडे पिळलेल्या सुंभासारखी दिसतात. थंडी, वारा आणि निकस चुनखडीची जमीन यांमुळे ती इतकी सावकाश वाढतात की त्यांचे लाकूड दाट आणि राळेने भरलेले होते, त्याला कीड-बुरशी सहजी लागत नाही. दीड किलोमीटरची छोटी फेरी सर्वांना जमण्यासारखी आहे. वर पाणी मिळत नाही.

पाचवा दिवस डेथ व्हॅलीचा. लोन पाइनहून महामार्ग १३६ आणि पुढे १९० ने निघावे. पॅनामिंट खोरे ओलांडल्यावर टाउन पासची चढण आणि मग लांबलचक उतार लागतो. कसारा घाटात ब्रेकऐवजी खालच्या गिअरवर गाडी उतरवण्याची सवय येथे कामी येते. मेस्कीट फ्लॅटच्या वाळूच्या टेकड्या, हार्मनी बोरॅक्स वर्क्स, झॅब्रिस्की पॉइंट आणि बॅडवॉटर एवढे एका दिवसास पुरे. हार्मनीचा कारखाना १८८३ ते १८८८ असा पाचच वर्षे चालला, तेथे चिनी मजुरांनी टाकणखार गोळा केला आणि तो खेचरांच्या लांबलचक तांड्यांनी २६५ किलोमीटरवरील मोहावी रेल्वेस्थानकापर्यंत वाहून नेला गेला. बॅडवॉटरला मिठावर चालत थोडे आत जावे आणि मागे वळून कड्याकडे पाहावे, समुद्रसपाटी कोठे आहे ते दाखवणारी पाटी उंच कड्यावर लावलेली दिसते. उन्हाळ्यात सकाळी दहानंतर या सखल भागात पायी फिरू नये, अशी उद्यानाची सूचना आहे आणि ती पाळावीच. फर्नेस क्रीकजवळ टिंबिशा शोशोनी लोकांची वस्ती आहे. १९३३ मध्ये हा प्रदेश संरक्षित झाला तेव्हा त्यांच्याच भूमीवर ते उपरे ठरले, आणि जमिनीचा काही भाग त्यांना परत मिळण्यास २००० साल उजाडले. त्यांच्या घरांची छायाचित्रे घेऊ नयेत.

येथून लास व्हेगास अडीच तासांवर आहे, पण गाडी दुसऱ्या शहरात परत केल्यास वेगळे शुल्क पडते. लॉस एंजेलिसलाच परतायचे असेल तर आलेल्याच महामार्ग १४ ने जावे. तो आंतरराज्य महामार्ग ५ ला मिळाला की सिल्मारजवळ डाव्या हाताच्या डोंगरउतारावर पायऱ्या-पायऱ्यांनी उतरणारा काँक्रीटचा प्रवाह दिसतो. ओवेन्सचे पाणी शहरात शिरते ते येथे. ५ नोव्हेंबर १९१३ रोजी हजारोंच्या गर्दीसमोर पाणी पहिल्यांदा खाली आले तेव्हा मुलहॉलंड यांनी केलेले भाषण ‘ते पाहा. घ्या.’ एवढेच होते. महामार्गावर थांबता येत नाही, म्हणून डावीकडच्या खिडकीशी बसलेल्याला आधीच सांगून ठेवावे.